शॉर्ट बेड ट्रकला फिफ्थ व्हीलची हिच कोणती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "ट्रक शॉर्ट बेडचा आहे, फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचाय, हिच कोणती घेऊ?" बेड म्हणजे पिकअप ट्रकचा मागचा उघडा हौदा, फिफ्थ व्हील म्हणजे त्या हौद्यात जोडला जाणारा, राहण्याची सोय असलेला मोठा ट्रेलर, आणि हिच म्हणजे दोघांना जोडणारी यंत्रणा. अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. त्याचं कारण सरळ आहे. ट्रक आधी येतो, ट्रेलरचा विचार नंतर. मुलांना मागे ऐसपैस बसता यावं आणि गाडी गॅरेजमध्ये मावावी म्हणून चार दारांची मोठी कॅब घेतली जाते. मग मागच्या बेडला उरतात साडेसहा फूट, नाहीतर साडेपाच. दुकानदार म्हणतो, "स्लायडर घ्या, काम होईल." स्लायडर म्हणजे बेडमध्ये मागे सरकणारी हिच. बहुतेक वेळा काम होतंही. पण दोन आकडे हातात असल्याशिवाय स्लायडरवर पैसे टाकू नका.

आधी अडचण कुठे येते ते बघू. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची ट्रॉली मागच्या चाकांच्याही मागे, हुकात अडकवलेली असते, त्यामुळे वळताना ती ट्रॅक्टरला सहसा भिडत नाही. फिफ्थ व्हीलचं उलट आहे. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली दोन इंच जाडीची किंगपिन असते आणि ती बेडमधल्या हिचच्या जबड्यात, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा इंच-दोन इंच पुढे बसते. वजन ॲक्सलवर सरळ उतरतं, म्हणून हा ट्रेलर रस्त्यावर इतका शांत चालतो. तीच पिन ॲक्सलच्या मागे गेली की ट्रकचं नाक उचलल्यासारखं होतं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. त्यामुळे "हिच कायमची थोडी मागे बसवून टाकू" हा उपाय बाद.

आता टेप घ्या. कॅबच्या मागच्या काचेपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. फोर्ड सुपर ड्यूटीच्या आठ फुटी बेडला ते ५६ इंचांच्या आसपास भरतं, शॉर्ट बेडला ४० च्या आसपास. ट्रेलरची रुंदी बहुधा ९६ ते १०२ इंच असते. १०२ ची निम्मी ५१. म्हणजे ट्रेलर काटकोनात वळला तर पिनपासून त्याची बाजू कॅबच्या दिशेने ५१ इंच येणार आणि जागा आहे ४०. अकरा इंच कमी पडले. त्यावर चार इंचांची सवड धरायचीच, कारण उंचसखल जागेवर ट्रेलर डुलतो.

हे अर्धी रुंदी अधिक चार इंच असं गणित सगळीकडे सांगतात. ते अपुरं आहे, कारण आधी भिडतो तो ट्रेलरचा कोपरा. पिनपासून ट्रेलरचं नाक पुढे किती आहे ते ओळंबा सोडून मोजा. समजा ते १२ इंच आहे आणि कोपरा चौकोनी आहे. मग कोपऱ्याची पोच होते ५२.४ इंच, आणि ४० इंचांच्या जागेत तो कॅबला टेकतो जेमतेम ३६ अंशांच्या वळणावर. काटकोन तर फार लांब राहिला. हायवेवर एवढं वळण कधीच येत नाही, म्हणून साध्या हिचवर हजारो मैल सुखरूप काढणारे लोक भेटतात. गाडी अडते ती कॅम्पग्राउंडमध्ये, झाडांच्या मधल्या जागेत रिव्हर्स घेताना. मागे बायको टॉर्च घेऊन हातवारे करत असते, तुमची नजर मागच्या चाकांवर असते, आणि कॅबच्या काचेकडे कोणाचंच लक्ष नसतं.

नव्या ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यांना चांगली गोलाई किंवा खाच दिलेली असते आणि जाहिरातीत 'शॉर्ट बेडला चालतो' असं लिहिलेलं असतं. त्यात तथ्य आहे, गोलाईमुळे बरेच अंश पदरात पडतात. पण ते वाक्य कोणत्या बेडसाठी आणि कोणत्या हिचसाठी लिहिलंय ते विचारा. साडेसहा फुटांसाठी लिहिलेलं साडेपाच फुटी बेडला लागू होत नाही.

आता हिच. सरकणाऱ्या हिचमध्ये हाताने सरकवायची स्लायडर सगळ्यात स्वस्त. एरवी ती ॲक्सलवर कुलूपबंद असते, आणि घट्ट वळणाच्या आधी तुम्ही उतरून लिव्हर ओढायचा. पद्धत अशी: ट्रक आणि ट्रेलर सरळ रेषेत, शक्यतो सपाट जमिनीवर उभे करा. लिव्हर मोकळा करा. कॅबमध्ये येऊन ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबून धरा आणि ट्रक हळूच पुढे घ्या. ट्रेलर जागेवर राहतो, ट्रक पुढे जातो आणि हिचचं डोकं दहा-बारा इंच मागे सरकून खटकन बसतं. खाली उतरून डोकं जागेवर अडकवणारे दोन्ही बाजूंचे खिळे आत गेलेत का ते डोळ्यांनी बघा, आवाजावर विसंबू नका. काम झालं की तसेच ब्रेक धरून ट्रक मागे घ्या, डोकं पुढे आणा, पुन्हा खिळे बघा. डोकं मागे असताना पायी चालण्याच्या वेगापेक्षा जास्त जायचं नाही आणि रस्त्याला तर लागायचंच नाही. लिव्हर अडकला तर हातोडी शोधू नका. खिळ्यांवर दाब आलेला असतो. ट्रक इंचभर पुढे-मागे केला की तो सुटतो.

वरच्याच ट्रकला १२ इंच सरकवलं तर ती टक्कर ३६ वरून ७० अंशांच्या आसपास जाते. कोपरे गोल असतील तर जवळपास काटकोन मिळतो. बहुतेकांना एवढं पुरतं. या हिचचा खरा दोष लोखंडात नसून आपल्या डोक्यात आहे: लिव्हर ओढायचा राहतो नेमका त्या वेळी, जेव्हा वळण अचानक घ्यावं लागतं. चुकून पेट्रोल पंपाच्या बंद टोकाला शिरलात, मागून दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या, अंधार पडलाय. अशा वेळी सरळ रेषेत उभं राहायला जागाच नसते.

म्हणून दुसरा प्रकार, आपोआप सरकणारी. पुलराइटची सुपरग्लाइड हे त्यातलं ठळक नाव. किंगपिन ज्याला लावलेली असते त्या ट्रेलरच्या पिन बॉक्सखाली एक प्लेट घट्ट बसवतात, त्यामुळे हिचचं डोकं ट्रेलरबरोबरच फिरतं, आणि ते फिरलं की खालची यंत्रणा त्याला मागे ढकलते. वळण वाढेल तसं डोकं मागे जातं, सरळ झालात की पुढे येतं. १४ इंच सरकली तर वरच्या उदाहरणात जागा ५४ होते आणि चौकोनी कोपराही सुटतो. दोन गोष्टी मात्र कोणी आधी सांगत नाही. ही हिच जड असते, दोनशे पाउंडांच्या वर, आणि ते वजन ट्रकच्या क्षमतेतून वजा होतं. शिवाय प्लेट डोक्यात नीट बसायची तर जोडताना ट्रक-ट्रेलर शक्यतो एका रेषेत हवेत, तिरके उभे राहून जोडायची सवय असेल तर ती मोडावी लागते. ट्रेलर बदललात तर नव्या पिन बॉक्सला जुळणारी प्लेटही नवी घ्यावी लागते.

तिसरा मार्ग हिचला हात न लावता ट्रेलरची पिनच बदलण्याचा. रीसच्या साइडवाइंडर जातीच्या पिन बॉक्समध्ये किंगपिनला पाचर लावून जबड्यात न फिरणारी करतात आणि वळण्याचा बिंदू २२ इंच मागे, ट्रेलरखाली नेतात. ट्रकमध्ये साधी, हलकी, न सरकणारी हिच पुरते, पण तिचं डोकं डावी-उजवीकडे डुलणारं असून चालत नाही. ऐकायला झकास वाटतं, पण त्या २२ इंचांचा पूर्ण फायदा मिळत नाही. फिरण्याचा बिंदू मागे गेला की नाकही त्या बिंदूपासून तेवढंच लांब होतं. आपलंच उदाहरण घ्या: जागा झाली ६२ इंच, कोपऱ्याची पोच झाली ६१ च्या वर. सुटला, पण केसाच्या अंतराने. नवीन बॉक्स पिनला किती पुढे काढतो ते विकत घेण्यापूर्वी विचारा, कारण पिन पुढे येईल तेवढी सवड वाढते. रिव्हर्सचा अंदाजही बदलतो, पहिले काही दिवस ट्रेलर उशिरा ऐकतो.

अँडरसनच्या हलक्या ॲल्युमिनियम हिचबद्दलही बरेच जण विचारतात. चाळीसेक पाउंडांची, एकट्याने उचलून ठेवता येणारी, बॉलवर बसणारी. वजनाच्या बाबतीत तिला तोड नाही. पण ती सरकत नाही. शॉर्ट बेडला ती घ्यायची तर ट्रेलरच्या कोपऱ्यांची गोलाई पुरेशी असली पाहिजे. आणि पिनवर कोणताही जोड लावण्यापूर्वी ट्रेलरच्या चौकटीची वॉरंटी वाचा, काही कंपन्या अशा बदलांना वॉरंटीबाहेर काढतात.

माझं मत विचारलंत तर: साडेसहा फुटी बेड, पाऊण टनी किंवा एक टनी ट्रक (ही ट्रकच्या वर्गांची नावं आहेत, खरी क्षमता नव्हे) आणि गोल कोपऱ्यांचा ट्रेलर असेल तर हाताने सरकवायची चांगली स्लायडर पुरे. राज्य उद्यानांतल्या जुन्या, अरुंद, झाडीतल्या जागा तुमच्या आवडीच्या असतील तर आपोआप सरकणारी घ्या, जास्तीचे पैसे एका मागच्या काचेत वसूल होतात. साडेपाच फुटी बेडला हाताने सरकवायचीचा विचारही करू नका.

साडेपाच फुटी बेडचा विषय निघालाच आहे तर दुसरा आकडा बघा, कारण तिथे गाडं बहुतेकदा हिचच्या आधीच अडतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून एवढ्या पाउंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पिनवर येतो. हिशेबाला २० धरा. ट्रेलरचं कमाल वजन ८,००० पाउंड असेल तर पिनवर १,६००. हिच १५०. चौघांचं कुटुंब ६००. झाले २,३५०. चार दारांच्या अर्ध्या टनी ट्रकच्या लेबलवर बहुधा १,४०० ते १,९०० असतं. जाहिरातीतला '११,००० पाउंड ओढतो' हा आकडा इथे कामाचा नाही, ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. पाऊण टनी डिझेलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. त्या ट्रकची एकूण वजनमर्यादा बहुधा १०,००० पाउंडांवर थांबलेली असते आणि जड डिझेल इंजिन त्यातलाच वाटा खातं. ट्रेलरच्या माहितीपत्रकातला पिनचा आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, हेही ध्यानात ठेवा. मोठा सामानकप्पा पुढे, पिनजवळच असतो, आणि तांदळाच्या पिशव्या, जनरेटर, खुर्च्या सगळं तिथेच जातं.

बसवण्याबद्दल थोडक्यात. ट्रकला कारखान्यातूनच बेडमध्ये गोल खाचा, म्हणजे पक सिस्टिम असेल तर त्यात बसणारीच हिच घ्या. भोकं पाडावी लागत नाहीत आणि सुट्टी संपली की हिच काढून बेड मोकळा होतो. बेडच्या मधोमध गूजनेकचा, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारचे ट्रेलर जोडण्याचा बॉल असेल तर बी अँड डब्ल्यूच्या कम्पॅनियनसारखी त्या भोकात बसणारी स्लायडर मिळते. दोन्ही नसेल तर रेल्स, म्हणजे हिच धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बसवाव्या लागतात. ट्रकच्या मॉडेलसाठीच बनवलेले ब्रॅकेट्स घ्या, आणि ड्रिल चालवण्यापूर्वी बेडखाली वाकून ब्रेकची नळी, डिझेलची टाकी आणि वायरिंग कुठून जातं ते बघा. शॉर्ट बेडमध्ये कॅबला लागून आडवा टूलबॉक्स किंवा जास्तीची टाकी असेल तर ती मोजमापात धरा, ट्रेलरचं नाक तिच्यावरूनही जाणार आहे.

उंचीचा आकडा लोक विसरतात. ट्रेलर जोडून सपाट उभा असताना बेडच्या कडा आणि ट्रेलरचं पोट यांत निदान साडेपाच-सहा इंच मोकळे हवेत. नव्या ट्रकच्या कडा उंच आहेत, त्यामुळे हे अंतर राखायला गेलं की ट्रेलर नाक वर करून उभा राहतो. आधी हिचची उंची एकेक भोक खाली-वर करून बघा, ट्रेलरच्या बाजूने पिन बॉक्सही हलवता येतो.

जोडताना ट्रेलर हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा-एक इंच खाली ठेवा, म्हणजे ट्रक मागे येताना पिन प्लेटवर घासत चढते. ट्रेलर जास्त उंच राहिला तर पिन जबड्यात शिरण्याऐवजी त्याच्या वर बसते. लिव्हर बंद झालेला दिसतो आणि पहिल्या चढाला ट्रेलर बेडच्या कडांवर येऊन पडतो. म्हणून टॉर्चने जबडा पिनभोवती बंद झालाय का ते बघायचं. मग ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीवर असतानाच ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रकने हलका हिसका द्यायचा. ब्रेकअवेची तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार, ट्रकला बांधा, हिचला नाही. हिचच निसटली तर तार तिच्याबरोबर जाईल आणि ट्रेलरचे ब्रेक लागणारच नाहीत.

पहिल्यांदा ट्रेलर नेलात की सुट्टीच्या दिवशी एखादा रिकामा पार्किंग लॉट गाठा. एकाला बेडच्या बाजूला, ट्रेलरपासून अंतर राखून उभं करा. रिव्हर्समध्ये हळूहळू वळण वाढवत न्या आणि कोपरा कॅबपासून चार इंचांवर आला की थांबा. मग आरशात ट्रेलरची कोणती खिडकी दिसतेय ते बघा आणि आरशाच्या कडेला रंगीत टेपचा तुकडा लावा. दुसऱ्या बाजूलाही तेच. ट्रेलर त्या टेपपर्यंत आला की पुढे घेऊन सरळ करायचा, हा नियम गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आणि घरी परतल्यावर हिचचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा पुन्हा कसा, नव्या बसवलेल्या रेल्स पहिल्या काही मैलांत थोड्या सैल पडू शकतात.