गोगलगायींची मोजणी: 4 बाय 8 फुटांचा वाफा, सहा आठवडे

वाफ्यात पालक, कोबी आणि दोन-चार पानांवर आलेली काकडीची रोपे. कडेने लाकडी फळ्या, वर गवताचे जाड आच्छादन. थोडक्यात, गोगलगायींची आयती धर्मशाळा.

आठवडा 1
पालकाला वेड्यावाकड्या कडांची भोके. काही पानांवरचा हिरवा थर खरवडून नेलाय, खालचा पातळ पापुद्रा तसाच राहिलाय. काकडीची तीन रोपे जमिनीपासून बोटभर उंचीवर कापलेली. अळी असती तर पानांवर काळ्या लेंड्या सापडल्या असत्या. इथे सकाळच्या तिरप्या उन्हात वाळलेल्या शेंबडाचे चकाकते पट्टे दिसतात.

अंधार पडल्यावर दोन तासांनी टॉर्च लावून मोजणी: 47. त्यांत शंखाच्या 9, बाकी सगळ्या बिनशंखाच्या. वेचायला लांब चिमटा आणि हातमोजे. बादलीत 5 लिटर पाणी आणि दोन चमचे भांडी घासायचा द्रवसाबण. झाकण हवेच, नाहीतर निम्म्या गोगलगायी बादलीच्या कडेने चढून परत वाफ्यात. शंखाच्या गोगलगायी अंग आत ओढून बराच वेळ तग धरतात, म्हणून रात्रभर बुडवून ठेवायच्या. मीठ वाफ्यात अजिबात टाकू नका. गोगलगाय मरते, पण मीठ मातीत राहते आणि पुढे रोपेच करपतात.

पाणी देण्याची वेळ संध्याकाळवरून पहाटेवर आणली. रात्री वरची माती कोरडी राहिली की त्यांचे फिरणे कमी होते. फुकटचा उपाय, आणि सगळ्यात आधी करायचा. रोपांच्या बुडाभोवतीचे आच्छादन वीतभर मागे सारले.

आठवडा 2
वाफ्याच्या सावलीच्या बाजूला एक-एक फुटाच्या चार जुन्या फळ्या खडबडीत बाजू खाली करून, दोन खड्यांवर टेकवून ठेवल्या. खाली बोटभर फट, आणि तिथली माती ओली. रात्री चरून झाले की गोगलगायी दिवसभरासाठी याच फटीत शिरतात. ऊन चढायच्या आत फळी उलटायची आणि खरवडून बादलीत. दोन फळ्यांखाली गूळपाण्यात (1 लिटर पाण्याला 100 ग्रॅम गूळ) भिजवलेले गोणपाटाचे तुकडे घातले. त्यांच्याखाली कोरड्या फळ्यांपेक्षा जास्त सापडल्या. गोणपाट सुकला की त्याचा उपयोग संपतो, रोज संध्याकाळी शिंपडावे लागते.

रात्रीची मोजणी 18.

गोगलगायी अडवायला लोक रोपांभोवती घालतात ती अंड्यांची टरफले, राख, तांब्याची पट्टी यांबद्दल: ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये तांब्याची पट्टी, टरफले, खडी, झाडाची साल आणि लोकरीच्या गोळ्या लेट्यूसभोवती तपासल्या. नुकसानीत फरक पडला नाही. राख कोरडी असेतोवर थोडी अडवते, पण गोगलगायी बाहेर पडतात त्याच ओल्या रात्री ती चिखल होते. वर एखादे पान टेकले की कुठल्याही कुंपणाला पूल मिळतोच.

आठवडा 3
यीस्टचा सापळा: 1 कप कोमट पाणी, 2 मोठे चमचे मैदा, 1 चमचा साखर, 1 चमचा यीस्ट. आंबल्याचा वास सुटला की खोल डब्यात ओतायचे. डब्याची कड मातीच्या 2 सेंमी वर राहू द्या. मातीलगत बसवला तर गोगलगायींची अंडी-पिल्ले खाणारे जमिनीवरचे भुंगेरेही त्यात पडतात. दर दोन दिवसांनी नवे मिश्रण.

आयर्न फॉस्फेटचे दाणे: चौरस मीटरला सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे या वाफ्याला 15 ग्रॅम, विरळ फेकून. ढीग केला तर उपयोग कमी. दाणे खाल्ल्यावर गोगलगाय खाणे थांबवते आणि मातीत शिरून काही दिवसांनी मरते. मेलेल्या दिसत नाहीत म्हणून लोक दुप्पट टाकतात. तसे करू नका, नवी भोके पडणे थांबले का ते पाहा. मेटाल्डिहाइड हे गोगलगायींवरचे दुसरे विष इथे वापरलेले नाही. कुत्र्यांना ते विषारी आहे, आणि पाऊस-ओल मिळाली तर अर्धमेल्या गोगलगायी सावरतात.

मोजणी 6.

आठवडा 4
मोजणी 31! बहुतेक जण नेमके इथे कंटाळून सोडून देतात. उपाय फसलेला नाही, अंडी फुटली आहेत. सगळी नखाएवढी पिल्ले. कडेची फळी सरकवली तर मातीत दोन बोटे खोल साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक पुंजके. प्रत्येक गोगलगायीत नर-मादी दोन्ही अवयव असल्याने अंडी कुणीही घालते, आणि ओल-उबेप्रमाणे ती दोन-चार आठवड्यांत फुटतात. खुरपीने कडेकडेची माती उलथून पुंजके उन्हात पसरले, ते तासाभरात सुरकुतले. दाण्यांचा दुसरा हात दिला.

आठवडा 5 आणि 6
14, मग 5. काकडीचे खोड राठ झाले, आता ते कापले जाणार नाही. पालक मात्र शेवटपर्यंत कोवळाच, त्यामुळे फळ्या त्याच्याच बाजूला हलवल्या.

गोगलगायींत उंदरांच्या फुफ्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. म्हणून उघड्या हाताने वेचू नका, आणि कच्ची खायची पाने एकेक सुटी करून धुवा. शेंबूड हाताला लागलाच तर आधी कोरडाच चोळून काढा, मग साबण. पाणी लागले की तो फुगून आणखी चिकटतो.

शेवटच्या मोजणीतल्या 5 पैकी 4 नखाएवढ्या. फळ्या अजून जागेवरच आहेत.