पत्रक हातात घेऊन ब्राँक्समध्ये

न्यूयॉर्कच्या प्रवासात जे सर्वांत शेवटी करायला हवे होते, ते मी सर्वांत आधी केले. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ४ क्रमांकाच्या मेट्रोने शहराच्या ब्राँक्स या भागात माउंट ईडन ॲव्हेन्यू स्थानकावर उतरलो आणि हार्लेम नदीच्या दिशेने उतार उतरत १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीसमोर जाऊन उभा राहिलो. हिप-हॉपचे जन्मस्थान म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू म्हणजे शंभराहून अधिक सदनिकांची, विटांची साधी उंच इमारत आहे, आणि तिच्या पायथ्याशी मेजर डीगन महामार्गाची घरघर अखंड चालू असते. रस्त्याच्या या भागाला २०१६ मध्ये ‘हिप हॉप बुलेव्हार्ड’ असे नाव मिळाले. त्या पाटीखेरीज तेथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. येथे कुटुंबे राहतात, त्यामुळे आत शिरण्याचा किंवा रहिवाशांच्या खिडक्यांकडे कॅमेरा रोखण्याचा प्रयत्न कोणी करू नये. मी दहा मिनिटांत परत फिरलो आणि मन काहीसे खट्टू झाले.

त्या इमारतीकडे कसे पाहायचे, हे मला इथाकाला गेल्यावर कळले. मॅनहॅटनहून बसने सुमारे पाच तासांवर असलेल्या या गावात कॉर्नेल विद्यापीठाच्या क्रोच ग्रंथालयामध्ये २००७ मध्ये सुरू झालेला हिप-हॉप संग्रह आहे, आणि त्यात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातील व ऐंशीच्या आरंभीच्या पार्ट्यांची पत्रके जपून ठेवलेली आहेत. तेथे जाणाऱ्यांनी वाचक म्हणून आधी नोंदणी करावी, हवे ते खोके काही दिवस अगोदर मागवून ठेवावे आणि वाचनकक्षाच्या वेळा पाहूनच बसचे तिकीट काढावे. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल चालते. इतका लांबचा प्रवास शक्य नसेल, तर याच संग्रहातील पुष्कळ पत्रके संगणकावर पाहता येतात. मात्र ती ब्राँक्समध्ये पाऊल टाकण्यापूर्वी पाहावीत, नंतर नव्हे.

याचे कारण असे की १९७९ पूर्वी या संगीताच्या ध्वनिमुद्रिका निघत नव्हत्या आणि नभोवाणीवर त्याला जागा नव्हती. ते ऐकायचे तर जमलेल्या घोळक्यातच जावे लागे, आणि घोळका कोठे जमणार हे शाळांच्या दारात व आधीच्या पार्टीत वाटलेल्या कागदावरून कळे. जिच्यापासून हिप-हॉपची सुरुवात मानली जाते, त्या ११ ऑगस्ट १९७३ च्या पार्टीचेही तसेच झाले. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यासाठी सिंडी कॅम्पबेल हिला पैसे हवे होते, म्हणून तिने सेजविकच्या इमारतीतील करमणुकीची खोली भाड्याने घेतली, छोट्या कार्डांवर हाताने आमंत्रणे लिहिली, मुलींना २५ आणि मुलग्यांना ५० सेंट असा दर ठेवला, आणि तबकड्या वाजवायला आपला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, याला उभे केले. ही हकिकत माहीत असल्यावर इमारत पाहायची नसते, तिच्या तळमजल्याचा आकार पाहायचा असतो: इतक्या लहान जागेत गर्दी मावेनाशी झाल्यावर हर्कने ध्वनिक्षेपक बाहेर का नेले, ते तेथेच उमगते. उत्तरेला पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर लागणारे सीडर प्लेग्राउंड ही त्याची पुढची जागा. तेथे दिव्याच्या खांबातून वीज घेऊन कार्यक्रम होत असत. आमच्याकडे मंडळांच्या मांडवांत आकडे टाकलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कॉर्नेलमध्ये मी सर्वाधिक वेळ बडी एस्क्वायर यांच्या पत्रकांवर घालवला. ‘पत्रकांचा राजा’ म्हणून ओळखले जाणारे हे चित्रकार आधी भिंतींवर ग्राफिटी करत; अक्षरलेखन ते ग्रंथालयातील पुस्तकांवरून शिकले, आणि घासून उमटवायची लेट्रासेटची अक्षरे, कापून चिकटवलेली छायाचित्रे व आर्ट डेको वळणाच्या रेषा यांतून जुन्या चित्रपटगृहाच्या दर्शनी भागासारखी ऐटदार मांडणी करत. पत्रकावर कलाकाराचे नाव किती मोठे आहे, यावरून त्याचा त्या आठवड्यातील मान कळतो. ‘स्नीकर घालून येऊ नये’ ही ताकीद वारंवार दिसते, म्हणजे आज ज्या बुटांशिवाय हिप-हॉपची कल्पना करवत नाही, तेच बूट दारात अडवले जात होते. मर्सिडीज लेडीज या मुलींच्या गटाचे नावही पत्रकांवर भेटते. नंतरच्या इतिहासकथनांत ते इतक्या सहजी भेटत नाही. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी: पत्रकावर वार आणि तारीख असते, वर्ष पुष्कळदा नसते, त्यामुळे जुनी दिनदर्शिका जवळ असल्यास काम सोपे होते.

पत्रकांच्या तळाशी मेट्रोने कसे यावे याची माहिती असते. तीच टिपून घेऊन मी पुन्हा ब्राँक्स गाठले, आणि हा दुसरा फेरा पहिल्यापेक्षा कितीतरी सरस झाला. १६७ व्या रस्त्याच्या स्थानकावर, जेरोम ॲव्हेन्यूवरच्या उन्नत लोहमार्गाखाली, डिस्को फीव्हर जेथे होते तेथे आज क्लब नाही, पण डोक्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज तोच आहे. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये, १६८ व्या रस्त्याच्या स्थानकाजवळ ऑडुबॉन बॉलरूमचा दर्शनी भाग जतन केलेला आहे; १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांची हत्या झाली ती हीच जागा, आणि १९७६ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने आपली मंडळी घेऊन हेच मोठे सभागृह भरवले. तेथील स्मारक आतून पाहता येते, म्हणून त्यासाठी तासभर राखून ठेवावा.

शेवटचा मुक्काम ३५१० व्हाइट प्लेन्स रोड, म्हणजे टी-कनेक्शन या जुन्या क्लबची जागा. त्यासाठी २ किंवा ५ क्रमांकाच्या गाडीने गन हिल रोडला उतरावे, असे मी टिपून घेतले होते. मी निर्धास्तपणे ५ क्रमांकाची गाडी पकडली आणि भलत्याच गन हिल रोडला उतरलो, कारण या नावाची दोन स्थानके आहेत, आणि गर्दीच्या वेळा सोडल्यास ५ क्रमांकाची गाडी डायर ॲव्हेन्यूच्या फाट्याला वळते. तेथून गन हिल रोडवरची बस धरून पश्चिमेला यावे लागले. तुम्ही २ क्रमांकाचीच गाडी पकडा.