हँडेलचं पद पेटीवर

१८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झालं त्या सांगलीत नाटक पदासाठी थांबतं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून इथल्या श्रोत्याने हँडेल या युरोपीय संगीतकाराची सुरुवात त्याच्या ‘रिनाल्डो’ या ऑपेरातल्या, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातल्या, ‘लाशा क्यो पियांगा’ या पदाने करावी. बंदिवान अल्मिरेना म्हणते, माझ्या क्रूर नशिबावर मला रडू दे.

छापील चाल एफ मेजरमध्ये आहे. पांढरी चारला सा, सगळे स्वर शुद्ध, मध्यम काळी पाचवर येतो. पण यूट्यूबबरोबर वाजवायला बसलात तर पुष्कळदा जुळत नाही. पेटी बिघडलेली नसते. जुनी वाद्यं वापरणारे वृंद बहुधा ४१५ हर्ट्झला सूर लावतात, आजच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. अशा वेळी पांढरी तीनला सा धरा.

लय तीन मात्रांची, साराबांद नाचाची. वजन दुसऱ्या मात्रेवर. सवयीने पहिलीवर सम ठोकली की चाल झुलायला लागते आणि त्यातलं रडणं जातं. मुळात हा नाचच होता: १७०५, हाम्बुर्ग, हँडेलचाच ऑपेरा ‘अल्मिरा’. १७०७ मध्ये रोमला हँडेलने तो दुसऱ्या शब्दांवर बसवला, १७११ मध्ये लंडनला ‘रिनाल्डो’त घेतला. तेव्हा हँडेल २६ वर्षांचा होता. तयार चालीवर पद बांधणं आपल्या संगीत नाटकालाही परकं नाही.

मुखडा, अंतरा, परत मुखडा अशी बांधणी. अंतऱ्यात धैवत हाच सा होतो आणि शेवट गांधाराला सा मानून होतो. त्यामुळे मिरजेचा तंबोरा कितीही सुरेल असला तरी इथे छेडू नका. अंतऱ्यात तो बेसूर वाटेल.

खरी गंमत परतलेल्या मुखड्यात आहे. कागदावर तो पुन्हा लिहीत नाहीत, नुसती ‘पहिल्यापासून’ अशी खूण असते. पहिल्यांदा चाल सरळ, जवळजवळ उघडी गायची. ती कानात बसली तरच दुसऱ्या खेपेच्या हरकती कळतात. आपल्याकडचे गळे पहिल्याच ओळीला तान घेतात, मग परत येताना हातात काही उरत नाही. हरकती ओळीच्या शेवटच्या लांब स्वरांवर घ्या, शब्द मोडू नका. परतीचा मुखडाच कापलेलं ध्वनिमुद्रण मिळालं तर ते सोडून दुसरं शोधा.