ऑटोकॉकरची मूठ, प्रिंट नंबर चार

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. बाहेर मिशिगनचा फेब्रुवारी, ड्राइव्हवेवर परवाचा बर्फ तसाच दगड होऊन पडलाय आणि मी बेसमेंटमध्ये अंगठ्याच्या बेचक्यात बँडेड लावून हे लिहितोय. बँडेड गेल्या आठवड्याचं आहे, म्हणजे जखम गेल्या आठवड्याची. तेच आधी सांगतो.

माझ्याकडे एक जुना ऑटोकॉकर आहे. पेंटबॉलवाल्यांना माहितीये हा काय प्रकार आहे ते, बाकीच्यांसाठी सांगतो, एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळातली ही हवेवर चालणारी बंदूक, तिला मार्कर म्हणतात. बड ऑर नावाच्या माणसाचं डिझाइन, आधी त्याचा स्नायपर नावाचा पंप मार्कर होता, म्हणजे दर गोळीला हातानं पंप मारायचा, त्यालाच पुढे हवेवर चालणारं छोटं यंत्र जोडलं आणि पंप मारायचं काम हातावरून हवेवर गेलं. गंमत अशी की एकाच ट्रिगरला दोन कामं. अर्धा दाबला की सिअर, म्हणजे हॅमरला धरून ठेवणारा खटका, सुटतो, हॅमर व्हॉल्व्हवर आपटतो, बॉल सुटतो. आणखी मागे ओढला की टायमिंग रॉड पुढची थ्री-वे, म्हणजे हवेची दिशा बदलणारी झडप, सरकवतो, हवा रॅमकडे, म्हणजे छोट्या पिस्टनकडे जाते, मागचा ब्लॉक मागे येतो, हॅमर परत कॉक. बोट सोडलं की सगळं बंद होऊन पुढचा बॉल आत. दिसायला अगदी शिलाई मशीन, आणि चालू असताना आवाजही तसाच.

आता माझा हात लहान. लहान म्हणजे शाळेत कबड्डीत कुणाचा घोटा धरला तरी तो सुटून जायचा इतका लहान. ऑटोकॉकरवर फोर्टी-फाइव्ह फ्रेम असते, फ्रेम म्हणजे मूठ आणि ट्रिगरचा सांगाडा, कोल्ट 1911 पिस्तुलाच्या मुठीच्या मापाचा, त्याचेच ग्रिप पॅनल, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या, यावर बसतात. फायदा मोठा, कारण पॅनल कुठेही मिळतात. पण माझं बोट ट्रिगरवर फक्त शेंड्यापुरतं पोचतं. मग मॅचमध्ये घाईत मी अर्धाच ओढतो, बॉल सुटतो पण थ्री-वे पूर्ण सरकत नाही, मागचा ब्लॉक अर्ध्या वाटेतून परत येतो आणि पुढचा बॉल त्याला आत ढकलणाऱ्या बोल्टखाली चेचला जातो. बॅरलमध्ये सगळा पिवळा चिखल. दोन वर्षं मी पेंटला शिव्या घातल्या, थंडीला घातल्या, थंडीत बॉल ठिसूळ होतात हे खरंच आहे म्हणा, पण दोष माझ्या कमी पडणाऱ्या बोटाचा होता हे फार उशिरा कळलं.

म्हणून फ्रेम स्वतः करायची ठरवली. दिवसभर ऑफिसात गाड्यांच्या सीटचे ब्रॅकेट काढतो, मला वाटलं एका वीकेंडचं काम.

पहिला प्रिंट: मूळ फ्रेम कॅलिपरने मोजली, कॅडमध्ये काढली आणि अख्खी मूठ 6 मिलीमीटर पुढे सरकवली. काळा पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटरचं प्लॅस्टिक, रात्रभर प्रिंट. सकाळी सिअरची पिन जाईना, सिअर अडके, भोकं सगळी बारीक आलेली. थ्रीडी प्रिंटमध्ये भोक कमीच येतं हे मला माहीत होतं, तरी विसरलो. ड्रिल मारून मोठी केली, बसवलं, आणि ट्रिगर थ्री-वे पूर्ण सरकायच्या आत मुठीलाच टेकला. मूठ पुढे आणली तर ट्रिगरला मागे यायला जागा कुठून राहणार? पाचवीच्या पोराला कळलं असतं.

रविवारी सकाळी, म्हणजे आमच्या शनिवारी रात्री, आप्पांचा व्हिडिओ कॉल असतो. आप्पा कोल्हापूरला शिरोलीच्या एका फौंड्रीत तीसेक वर्षं पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करायचे. सागवानी पॅटर्न, कानस, पॉलिश पेपर, आणि खिशात कायम श्रिंकेजची पट्टी, धातू थंड होताना आकसतो तेवढं माप आधीच वाढवून दाखवणारी. त्यांना प्रिंट दाखवला तर पहिला प्रश्न, "बंदूक करायलास काय रं तिकडं?"

मी म्हटलं नाही हो आप्पा, मार्कर म्हणतात याला. मग इतिहास सांगत बसलो, की झाडांवर आणि गुराढोरांवर लांबून रंगाची खूण करायला नेल्सन कंपनीच्या गोळ्या आणि तो नेलस्पॉट मार्कर आला, आणि 1981 च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा जणांनी त्याच्यावर पहिला खेळ खेळला आणि जो जिंकला त्यानं एकही गोळी न मारता सगळे झेंडे गोळा केले. आप्पांना ते शेवटचं फार आवडलं. "म्हंजे हुशार होता तो," म्हणाले, आणि लगेच, "भोकाला अलाउन्स का नाही धरलास? आम्ही बिडाला मीटरमागं 10 मिलीमीटर धरायचो, तू तर इंजिनिअर हायस."

गप्प बसलो. काय बोलणार.

दुसऱ्या प्रिंटमध्ये मूठ जागच्या जागी ठेवली आणि फक्त पाठीमागचा भाग 4 मिलीमीटर आत घेतला, म्हणजे तळहात पुढे येतो पण ट्रिगरची जागा शाबूत. बोट पोचलं! एवढा खूश झालो की लगेच बसवून हवा जोडली. हवा जोडताना एक पथ्य मात्र पाळतो, टाकी प्लॅस्टिकच्या फ्रेमला लटकवायची नाही. खेळताना टाकी मुठीच्या तळाला दोन स्क्रूंवर असते आणि खांद्याला टेकते, म्हणजे सगळा जोर त्या दोन स्क्रूंवर, आणि पीएलएचे थर तिथेच उलगडतात. टाकी टेबलावर, मधे लांब नळी, बॅरलवर सॉक, म्हणजे चुकून सुटलेली गोळी अडवणारी पिशवी, तोंडाला मास्क, पेंट नाही. इतकं सगळं केलं आणि ट्रिगर ओढला तर मागचा ब्लॉक खट्टकन येऊन अंगठ्याच्या बेचक्यात. तळहात 4 मिलीमीटर पुढे आणला, पण हात थोडा वरही चढला आणि वरची शेपटी, जिला हे लोक बीव्हरटेल म्हणतात, ती होती तेवढीच ठेवली होती. रक्त आलं. बायको वरून ओरडली, "काय तोडलंस?" मी म्हटलं, मलाच.

तिसरा प्रिंट: शेपटी 9 मिलीमीटर लांब आणि खाली थोडी गोल. ब्लॉक आता तिच्यावरून सरकतो. पण सगळी मापं मी टेबलावर बसून, उघड्या हातानं, चहा पीत घेतली होती. ग्लोव्ह घालून, बंकरमागे बसल्यासारखा गुडघ्यावर बसलो, मास्क लावला, मार्कर डोळ्यासमोर आणला, तर मनगट वेगळ्याच कोनात वळतं आणि ग्लोव्हमधली दोन बोटं ट्रिगर गार्डात कोंबावी लागतात. पोरीची खेळायची माती आणून मुठीवर थापली आणि ग्लोव्ह घालून, त्याच गुडघ्यावरच्या अवस्थेत दाबली. दहा-बारा वेळा. पोरगी शेजारी बसून विचारत होती की आपण हत्ती करतोय का. ज्या ठशांत बोटं दर वेळी त्याच जागी पडली ते मोजले. खुरप्याची मूठ घडवणारा सुतार गिऱ्हाइकाला "धरून दाखव" म्हणतो ना, तेच.

चौथा प्रिंट आज संध्याकाळी निघाला. गार्ड रुंद, भोकांना अलाउन्स, मुठीच्या मानेत थर आडवे न येता उभे यावेत म्हणून फ्रेम कुशीवर झोपवून प्रिंट केलेली. सिअर लगची, म्हणजे सिअर हॅमरला जिथे धरतो त्या खुंटीची, उंची अ‍ॅलन कीने परत लावली, टायमिंग रॉड दीड आटा आत घेतला आणि दोनशे वेळा कोरडा चालवला. एकदाही अर्ध्यातून परत आला नाही. मी मोजत होतो, एकशे चाळीसनंतर पोरगी मोजत होती.

पॅनल मात्र आप्पांचे. पाठ 4 मिलीमीटर आत गेली म्हणजे बाजारचे पॅनल मागे बाहेर डोकावतात, म्हणून मी त्यांना ट्रेसिंग व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं. त्यांनी परत मेसेज केला, चित्र नको, दोन भोकांमधलं अंतर आकड्यात लिहून दे. मी म्हटलं 78. बरं झालं, कारण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं कागदात मावावं म्हणून चित्र लहान करून छापलेलं आणि त्यावर ते अंतर 73 येत होतं. म्हाताऱ्यानं आकडा बघून भोकं मारली आणि बाकीचा आकार त्याच हिशोबानं मोठा करून घेतला.

कुरिअर आज दुपारी आलं. शिसवी, काळपट तांबडं, वर नुसतं तेल. डावं पॅनल सरळ बसलं. उजवं मागच्या बाजूला नखभर जाड आहे, आणि त्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलंय, "हे थोडं ठेवलंय, हातात धरून घास."

अ‍ॅल्युमिनिअमचं कोटेशन सोमवारी मागवणार. आत्ता पॉलिश पेपर शोधतोय.