दोन रात्री, चार माणसं आणि वाण्याची यादी

भंडारदऱ्याला तंबू ठोकून राहायचं ठरलं की घरात आधी तंबू कुठला घ्यायचा यावर खल होतो आणि खाण्याचं आदल्या रात्री आठवतं. मग मॉलमध्ये धावपळ. ऑफर आहे म्हणून पाच किलो तांदळाची थैली, लिटरभर तेलाची पिशवी, बिस्किटांचा फॅमिली पॅक. मीठ मात्र राहूनच जातं. महिन्याचं सामान एकदम भरायची सवय तंबूत उपयोगी पडत नाही. तिथे जुन्या वाण्याकडची रीत लागते: पावकिलो, अर्धा पाव, कागदाच्या पुडीत दोऱ्याने बांधलेलं, लागेल तेवढंच. सुटं सामान देणारं दुकान अजून गल्लीत असेल तर या खरेदीला तिथेच जावं.

हिशोब धरू या दोन मोठी आणि दोन मुलं, शुक्रवारी संध्याकाळी पोचणं, रविवारी दुपारच्या आत निघणं. म्हणजे दोन रात्रींची जेवणं, दोन नाश्ते आणि शनिवारचं दुपारचं. शुक्रवारी रात्री तिथे चूल पेटवायच्या भानगडीत पडू नये. अंधारात तंबू उभा करणं हेच पुरेसं काम असतं. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. माणशी पाच-सहा पुऱ्या धरल्या तरी पंचवीस पुरतात. पुऱ्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने खालच्या पुऱ्या ओल्या पडतात आणि सकाळपर्यंत आंबूस वास येतो. डब्याच्या तळाशी कोरडा पंचा घातला तर आणखी बरं.

शनिवारी दुपारी धरणाजवळच्या शेंडी गावात आधी सांगून ठेवलं की पिठलं-भाकरीचं घरगुती जेवण मिळतं. मुलं रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर पाहून दमून आलेली असतात, तेव्हा त्यांना भूक लागल्यावर कुकर लावणं हे हाल आहेत. राहिली शनिवारची रात्र आणि दोन सकाळी. शनिवारी सकाळी उपमा, रात्री खिचडी, रविवारी अंडी आणि पाव.

खिचडीची पुडी घरीच बांधायची. तीनशे ग्रॅम तांदूळ आणि दीडशे ग्रॅम मूगडाळ धुऊन, चाळणीत निथळून पंख्याखाली कापडावर पसरा. हाताला अजिबात ओल लागेनाशी होईपर्यंत, म्हणजे तीन-चार तास. मग मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडं भाजायचं. गार झाल्यावर दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा जिरं घालून जाड पिशवीत भरा. हे वाळवणं कंटाळवाणं आहे, पण तंबूजवळ तांदूळ धुवायला तीन पाणी घालवायला नको. पुडीत ओल राहिली तर मात्र दुसऱ्या दिवशी उघडताच कुबट वास येतो आणि मग काही इलाज नसतो.

शिजवताना कुकर पाच लिटरचा हवा. तीन लिटरचा हलका म्हणून लोक तोच नेतात, पण साडेचारशे ग्रॅम डाळतांदळाला दीड लिटर पाणी घातलं की तो निम्म्याच्या वर भरतो आणि शिट्टीतून हळदीचं पाणी उडायला लागतं. उघड्या पातेल्यात केली तर पाणी दोन लिटरच्या आसपास लागतं आणि गॅसही बराच जास्त जातो. तांदूळ इंद्रायणी असेल तर खिचडी चिकट, मऊ होते, मुलांना आवडते. नवा असेल तर पाणी थोडं कमी, जुना असेल तर वाटीभर जास्त. नवा की जुना हे वाण्याला विचारलं की तो सांगतो. छापील पिशवीला ते विचारता येत नाही.

फोडणी तिथे करू नये. तंबूचं कापड पातळ असतं, त्यावर गरम तेल आणि मोहरी उडायला नको. चार चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, चार सुक्या मिरच्या घरीच तडतडवून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत न्या. गरम खिचडीवर ओतली की झालं. डबी सरळ उभी राहील अशी पातेल्यात खोचून ठेवा. घाटात गाडी वळते तसं तेल वळतं आणि झाकणाच्या आट्यांतून वाट काढतं. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून मग फिरवून लावा.

उपम्याचंही तसंच. तीनशे ग्रॅम रवा, चार मोठे चमचे तेल, उडदाची डाळ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या. कढीपत्ता आणि मिरची कुरकुरीत होईपर्यंत तळायची, कारण पुडी खराब होते ती त्यांच्यातल्या पाण्यामुळे. कांदा यात नको, हवा तर तिथे वरून कच्चा घाला. रवा लालसर भाजून मीठ-साखर घालून गार करा. सकाळी एका वाटीला अडीच वाट्या पाणी, खळखळून उकळलेलं. पाणी नुसतं गरम असताना रवा पडला की गाठी होतात, आणि तंबूत लोक घाई करतात ती नेमकी इथे.

आता वाण्याकडची यादी, चिठ्ठीवर लिहावी तशी:

इंद्रायणी ३०० ग्रॅम
मूगडाळ १५० ग्रॅम
जाड रवा ३०० ग्रॅम
शेंगदाणे पावकिलो
साखर पावकिलो
चहापत्ती १०० ग्रॅम
गोडंतेल अर्धा लिटर (निम्मं घरीच संपतं)
मीठ ५० ग्रॅमची वेगळी डबी, पुड्यांत घातलं असलं तरी
दुधाची २०० मिलीची खोकी सहा
काडेपेट्या दोन, वेगवेगळ्या पिशव्यांत

दूध खोक्यातलंच घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीला बर्फाच्या डब्यात एखादा कोपरा टोचला की सगळा डबा धुवावा लागतो. त्या डब्यात सुटा बर्फही नको. लिटरच्या दोन-तीन बाटल्या पाणी भरून आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवायच्या, पण गळ्यापर्यंत न भरता, बर्फ फुगतो. वितळल्यावर तेच पाणी प्यायला होतं.

भाज्या घरून नेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पुण्याहून निघालात तर नारायणगाव वाटेतच आहे आणि तिथल्या टोमॅटोसारखा टोमॅटो शहरात मिळत नाही. घट्ट, थोडे हिरवट असलेलेच घ्या, लालबुंद टोमॅटोचा आळेफाट्याच्या पुढे रस्सा होतो. कांदे-बटाटे कुठेही मिळतात. कोथिंबीर घेतली तर धुवायची नाही, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळायची. पुढे संगमनेर, अकोले, राजूर. अंडी आणि पाव राजूरला घ्या. शहरापासून इतक्या लांब अंड्यांचा ट्रे सांभाळत नेण्यात काही शहाणपणा नाही. राजूरचे पेढे घेतल्याशिवाय मुलं गाडीत बसू देणार नाहीत, त्याचा वेळ धरून चाला. मुंबईकडून कसाऱ्याने येणाऱ्यांना हीच खरेदी घोटीत करता येते. शेंडीत छोटी दुकानं आहेत, पण तिथे रात्री आठनंतर पाव मिळेल या भरवशावर राहू नका. सुटे पैसे जवळ हवेतच, मोबाइलची रेंज डोंगराच्या मर्जीवर असते.

वर चढताना चिप्सची पाकिटं टम्म फुगतात. मुलं घाबरतात किंवा खूश होतात. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने आतली हवा पसरते, बाकी काही नाही. मळमळणाऱ्यांनी मात्र चिप्सकडे बघूही नये. रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी घाट चढला की उलटी ठरलेली. दोन पुऱ्या, आवळासुपारी, खिडकीजवळची जागा, मोबाइल बंद आणि नजर समोरच्या रस्त्यावर.

गाडीत सामान भरताना लोक जड वस्तू वर ठेवतात कारण त्या शेवटी आठवतात. वीस लिटरचा पाण्याचा कॅन सगळ्यात खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. त्यावर भांडी, मग अंथरुणं. तंबू, बॅटरी आणि पुऱ्यांचा डबा सगळ्यात शेवटी भरायचे, कारण आधी तेच लागतात. जॅक आणि पाना मात्र या ढिगाखाली गाडले जाता कामा नयेत. पंक्चर झालं की सगळं बिऱ्हाड रस्त्याकडेला मांडावं लागतं. टायरची हवा गार असताना तपासा. गाडी भरलेली असताना किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. स्टेपनीतही हवा बघा, ती कुणी बघत नाही. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरायचं. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापून धरेनासे होतात.

पूर्वी सहलीला पंपाचा स्टोव्ह जायचा. रॉकेलची बाटली, नोजल साफ करायची पिन, आणि पोळ्यांना हटकून येणारा रॉकेलचा वास. ती पिन हरवली की जेवण हरवलं. आता ब्युटेनच्या डब्याची शेगडी असते. २२० ग्रॅमचा डबा पूर्ण आचेवर दीड-दोन तास चालतो. आपल्या बेताला एक जेमतेम पुरतो, म्हणून दोन न्यायचे. डिसेंबरात तळ्याकाठी रात्री ज्योत बसते तेव्हा लोक डबा संपला समजून फेकतात. संपलेला नसतो. गॅस बाहेर पडताना डबा आणखी गार होतो आणि गार ब्युटेनचा दाब उतरतो. दुसरा डबा चादरीत गुंडाळून ठेवलेला असेल तर तो लावा, पहिला तोवर ऊब धरतो. डबा आचेवर किंवा गरम पाण्यात धरायचा नाही, उन्हात बंद गाडीतही ठेवायचा नाही. वारा अडवायला आडोसा करा, पण डब्याभोवती नको, आच त्याच्यावर परतते. आणि पाऊस आला, थंडी वाजली, काहीही झालं तरी शेगडी तंबूच्या आत न्यायची नाही. आग लागण्याची भीती सगळ्यांना असते. बंद तंबूत साठणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

शेकोटीचा हट्ट मुलं करतात. हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, उघडी आग नकोच. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेर ते जून मध्य, गाडीचे दिवेही बंद. प्रखर उजेडात काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत.

जागा निवडताना पाण्याची कडा टाळा. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण आणि त्यामागचा जलाशय फोटोत छान दिसतो, पण पाणी ओसरलेल्या काठावर वरची माती सुकलेली आणि आतून चिखल असतो. थोडं वर गेलात तर मुरूम लागतो. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या त्यात वाकतात. आठ इंची लोखंडी खुंट्या आणि हातोडी न्या. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकवून तिरकी ठोका. खालची ताडपत्री तंबूपेक्षा चार बोटं लहानच हवी. बाहेर डोकावली की पावसाचं पाणी तिच्यावर पडून थेट पाठीखाली येतं. सकाळी आतून कापड ओलं दिसलं तर तंबू गळका निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ते चार माणसांच्या श्वासाचं पाणी आहे. वरच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून बंद केल्या की हेच होतं. चार जणांचा असं लिहिलेला तंबू तीन माणसांचा समजावा.

उरलेलं खाणं तंबूत ठेवायचं नाही, गाडीच्या डिकीत. उंदीर कापड कुरतडतात आणि कुत्र्यांना पेढ्यांचा वास लांबून येतो.

परतताना मोठ्या थैलीची हौस भागवून घ्या. राजूर किंवा घोटीला पाच-दहा किलो इंद्रायणी घेता येतो, काळभात हा इथला सुवासिक तांदूळ मिळाला तर तोही. वालाचं, पावट्याचं गावठी बियाणं मिळालं तर घ्या. देशी बियाणं जपणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे गाव याच अकोले तालुक्यातलं, आणि देशी वाण घरोघरी जपायचं काम या पट्ट्यात झालं आहे.

घरी आल्यावर तंबू त्याच दिवशी गॅलरीत उघडून वाळवा, नाहीतर तीन-चार दिवसांत काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. उरलेल्या पुड्या मोजून वाण्याच्या त्याच चिठ्ठीवर मागे लिहून ठेवा, पुढच्या वेळची यादी तिथूनच करायची. साखर निम्मी उरते. मीठ बहुतेक संपलेलं असतं.