खातं हलवू काय, काकू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर रिटायर झाल्यावर बँकेचं नाव काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. एकतीस वर्षं काउंटरवर काढली की माणूस नोटांच्या वासालाही कंटाळतो. पण सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं की कुणीतरी गाठतंच. "काकू, बँकेनं व्याज पाडलंय. खातं हलवू काय दुसरीकडं?"

मी आधी उलटं विचारते, खात्यात पडून किती असतात? या प्रश्नावर माणसं लाजतात, जणू वय विचारलं. मग हळूच सांगतात, "असत्यात साठ-सत्तर हजार. कधी लाख."

मग हिशेब करूया. 2025 सालात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, चार वेळा उतरवला. साडेसहा टक्के होता तो डिसेंबरात सव्वापाचवर आला. स्टेट बँकेनं 15 जूनपासून बचत खात्याचं व्याज 2.70 वरून 2.50 टक्क्यांवर आणलं. लाख रुपये वर्षभर हात न लावता ठेवले तर आधी 2,700 मिळायचे, आता 2,500. गेले दोनशे. त्यात दोघांची मिसळ होईल, जादा पाव मागितले तर तीही नाही. आणि दोनशे रुपयांसाठी माणूस चौदा वर्षांचं खातं मोडायला निघतो!

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. 2011 च्या ऑक्टोबरपर्यंत बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकच ठरवायची. कुठल्याही सरकारी बँकेत जा, दर एकच. 2003 पासून साडेतीन टक्के, शेवटी शेवटी चार. डोकं चालवायचं ते तारखेवर. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच व्याज मिळायचं. त्यामुळं आठ-नऊ तारखेला आमच्या काउंटरसमोर ही झुंबड. दहा तारीख हुकली की तो महिना गेला. गुळाच्या बाजारातले एक अडते तर नऊ तारखेला दुपारी नोकराच्या हाती पिशवी पाठवायचे आणि महिना संपला की एक तारखेला सकाळी सकाळी काढून न्यायचे. मधल्या वीस दिवसांत वीस हजार काढून पुन्हा भरले तरी व्याज त्या खालच्या आकड्यावरच. 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झालं आणि आमची ती नऊ तारखेची गर्दी संपली. खरं सांगू, मला ती अजून आठवते. निदान लोक पासबुक उघडून बघायचे तरी.

असो. "पण काकू, त्या नव्या बँका सात-सात टक्के देतात म्हनं?" देतात, पण जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा वरच्या टप्प्याचा असतो. पहिल्या लाखाला साधारण दर, पुढच्या लाखांना चढता. तुमचे सत्तर हजार पहिल्याच पायरीवर बसणार. आणि 'बँक' शब्द पाटीवर आहे का ते बघा. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, 2020 च्या फेब्रुवारीपासून एका माणसाला एका बँकेत 5 लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. पतसंस्थेला हे कवच नाही. आपल्या जिल्ह्यात गल्लीगल्लीत पतसंस्था, चेअरमन ओळखीचा, भाचा तिथं क्लार्क. ओळख म्हणजे विमा नव्हे, एवढंच म्हणते.

मी स्वतः एकदा हा उद्योग करून बसलेय. रिटायर झाल्यावर हाताशी वेळ होता, दीड टक्का जादा मिळतोय बघून नव्या ठिकाणी खातं काढलं आणि जुनं सरळ बंद करून टाकलं. साठ हजारांवर वर्षाला 900 रुपये जादा पडणार होते. बँकेत जन्म काढलेली बाई, पण विम्याचा हप्ता आणि आवर्त ठेव जुन्या खात्यातून आपोआप जाते हे विसरले. दोन्ही परत फिरले. दोन्हीकडून प्रत्येकी 250 रुपये दंड, वर जीएसटी, म्हणजे 590 गेले. उरलेले 310 रिक्षात. घरच्यांनी अजून सोडलेलं नाही मला.

त्याहून वाईट हाल आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचे झाले. मंडईबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोरांनी त्यांचं झिरो बॅलन्सचं खातं काढलं, आधार घेतलं, अंगठा घेतला. लाडकी बहीणचे 1,500 पुढच्या महिन्यापासून जुन्या खात्यात येईनात. त्या दोन महिने चकरा मारत होत्या. पैसे बंद झालेच नव्हते. सरकारी अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात जातं आणि नव्या फॉर्मवर कुठंतरी टिक करून ती जोडणी नव्या खात्याला दिली गेली होती. त्या नव्या खात्याच्या एटीएम कार्डाचं पाकीट न फोडता डब्यात पडलेलं. दूध बिलाचंही तसंच. दर दहा दिवसांनी पैसे जमा होतात ते दूध संस्थेच्या यादीत जो खाते नंबर असतो त्यावर. तो बदलायचा म्हणजे सचिवांच्या मागं लागणं आलं.

म्हणून माझं उत्तर हे की खातं राहू द्या, पैसे हलवा. महिन्या-दोन महिन्याचा खर्च ठेवून बाकीचे त्याच बँकेत एफडीला टाका, लहान लहान पावत्या करून, म्हणजे गरज लागली तर एकच मोडावी लागते. एफडी करताना जो दर ठरला तो मुदत संपेपर्यंत तोच, नंतर कितीही कपात होवो. ज्येष्ठ असाल तर बहुतेक ठिकाणी थोडा जादा. बँक किमान शिलकेसाठी दंड कापत असेल तर मात्र व्याज वगैरे बघूच नका, उठा तिथून. 2025 मध्ये बऱ्याच सरकारी बँकांनी साध्या बचत खात्याचा तो दंड बंद केलाय.

आणि एक प्रश्न मला कुणी विचारतच नाही, तो मीच विचारते. कर्ज आहे का?

मंगळवार पेठेतला एक दुकानदार असाच जुलैमध्ये बचत खात्याच्या व्याजावरून तावातावानं बोलत होता. विचारलं तर 2017 चं घरकर्ज, अजून 18 लाख बाकी! 1 ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांनी नवी बदलत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधली पाहिजेत, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलला पाहिजे. सहकारी बँकांना ही सक्ती नाही. त्याचं कर्ज त्याआधीचं, जुन्या पद्धतीचं, त्यामुळं रेपो उतरला तरी त्याचा दर रेंगाळत खाली येत होता. अर्ज करून, थोडी फी भरून ते रेपोवर आणता येतं. त्याच्या बँकेत नव्या आणि जुन्या दरात जवळपास एक टक्क्याचा फरक निघाला. 18 लाखांवर वर्षाला साधारण 18 हजार. आणि हा गडी दोनशे रुपयांसाठी माझा रंकाळ्याचा फेरा अडवून उभा.

अर्ज केला त्यानं. बँकेनं विचारलं, हप्ता कमी करायचा की मुदत? मी म्हटलं, हप्ता तोच ठेव, मुदत कमी कर, व्याज वाचतं. मान डोलावून गेला. नंतर कळलं, वहिनींनी हप्ताच कमी करून घेतला. दिवाळी तोंडावर होती.