पाचगावात राहून हद्दवाढीच्या बाजूने कशी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, पण हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. शेजारच्या वहिनींपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळे म्हणतात, ताई, तुम्ही कोल्हापूरच्या हद्दीबाहेर पाचगावात राहता, ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी भरता, मग कोल्हापूरची हद्दवाढ व्हावी, आजूबाजूची गावं महापालिकेत जावीत असं का म्हणता, स्वतःच्याच पायावर धोंडा का मारून घेता?

आम्ही इथं आलो ते हौसेनं नाही. लग्नानंतर शहरात घर बघत होतो, राजारामपुरी, मंगळवार पेठ, सगळीकडं फिरलो, आकडे ऐकून परत फिरलो, आणि हद्दीच्या बाहेर आलो की त्याच पैशात एक खोली जास्त मिळत होती. माझ्यासारखीच निम्मी गल्ली अशीच आलेली आहे. उचगाव, कळंबा, मोरेवाडी, कुठंही बघा, गाव ग्रामपंचायतीचं आणि माणसं रोज शहरात कामाला जाणारी. कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ ला आणि त्यानंतर हद्द एकदाही वाढली नाही. शहर कधीच त्या रेषेवरून पलीकडं गेलंय, रेष मात्र तिथंच.

मी लक्ष्मीपुरीत एका व्यापाऱ्याकडं हिशेब लिहिते, त्यामुळं हा विषय मला पहिल्यांदा दिसला तो कराच्या बाजूनं. जकात होती तेव्हा शिरोली नाक्यावर गाडी थांबायची, मालावर जकात भरली जायची आणि ती किमतीत यायची. म्हणजे बघा, पाचगावच्या माणसानं लक्ष्मीपुरीतून साखर नेली तरी महापालिकेच्या तिजोरीत त्याचे चार पैसे पडत होते, पत्ता कुठला हे कोण विचारत नव्हतं. २०११ ला जकात गेली, त्याच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांचा गेला, २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिका सरकारकडनं येणाऱ्या अनुदानावर आली. स्वतःच्या हातात मोठं असं राहिलं ते घरफाळा म्हणजे महापालिकेची घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याची फी. आणि घरफाळा कुणाला लागतो, तर ज्याचं घर रेषेच्या आत आहे त्यालाच. रस्ता मी रोज वापरते, मंडई वापरते, दवाखाना वापरते, पण महापालिकेला माझा घरफाळा शून्य. हे मला बरोबर वाटत नाही, आणि हे मी घरातही बोलते.

आता केएमटीचं, म्हणजे महापालिकेच्या बससेवेचं. बस शहराची, पण धावते गावांतूनही, पार कागलपर्यंत. तिकिटाच्या पैशात डिझेल, पगार, स्पेअर पार्ट सगळं भागत नाही, मग महापालिकेला पदरचे घालावे लागतात, म्हणजे शेवटी शहरातल्या घरफाळ्यातून. म्हणून हद्दवाढीचा वाद तापला की दरवेळी कुणीतरी म्हणतंच, गावं हद्दीत येत नाहीत तर त्यांची केएमटी बंद करा. मला ते ऐकून फार वाईट वाटतं. कारण बस बंद झाली तर हद्दवाढीला विरोध करणाऱ्या पुढाऱ्याचं काय अडत नाही, त्याच्या दारात गाडी आहे, अडतं ते कॉलेजच्या पोरींचं, धुणीभांडी करायला शहरात येणाऱ्या बायकांचं. आणि एक हिशेब कुणी मांडत नाही, इथं घर स्वस्त पडलं म्हणतो खरं पण बसचा भरवसा नाही म्हणून घरात दुचाकी आल्या, आमच्या चार माणसांच्या घरात तीन आहेत, त्यांचे हप्ते, पेट्रोल, इन्शुरन्स धरा, वाचवलेला घरफाळा कधीच त्यात गेला.

विरोध करणाऱ्यांची भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली, आणि त्यातली फुरसुंगी, उरुळी देवाची कराच्या आणि सोयींच्या तक्रारीवरून परत बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शेतावर आरक्षण पडेल ही धास्ती ज्याची जमीन आहे त्यालाच कळते. आणि सांगायचं कुणाला, तर महापालिकेत नोव्हेंबर २०२० ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच होते, मग गावानं विश्वास कुणावर ठेवायचा? २०१७ ला मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण केलं, पण प्राधिकरण बांधकामाला परवानगी देतं, बस सोडत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कर आणि बस एकत्र बोला. घरफाळा टप्प्याटप्प्यानं कसा वाढणार, कुठल्या वर्षी किती, हे लिहून द्या, आणि त्याच कागदावर पाचगावची पहिली बस किती वाजता, शेवटची किती वाजता, मध्ये किती मिनिटांनी, तेही लिहा. केंद्राच्या योजनेतल्या इलेक्ट्रिक बस येणार म्हणतात, त्यातल्या किती या बाजूला, तेही. असा कागद घेऊन कुणी ग्रामसभेत आलं तर पहिला हात मी वर करीन, आणि शेजारच्या वहिनींना पण सोबत घेऊन जाईन, त्यांची लेक रोज विद्यापीठात जाते.